संध्याकाळी साडेसातचा हिशेब

नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये राज्यांचा पहिला ऊर्जा आणि हवामान निर्देशांक जाहीर केला. त्यात सहा विभाग आणि २७ निकष होते. मोठ्या राज्यांत गुजरात, केरळ आणि पंजाब वरच्या तीन जागांवर आले आणि छोट्या राज्यांत गोवा पहिला. पणजीत साहजिकच आनंद झाला. पण गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती नाममात्र आहे. राज्याला लागणारी जवळजवळ सगळी वीज केंद्रीय प्रकल्पांतल्या वाट्यातून आणि बाजारातून येते. ती येण्याच्या वाटाही मोजक्याच आहेत: एक कोल्हापूरकडून म्हापशाला उतरणारी, दुसरी कर्नाटकातल्या आंबेवाडीहून फोंड्याला येणारी. तिसरी मोठी वाट म्हणून तमनार पारेषण प्रकल्प आखला गेला, तर मोलेच्या जंगलातून वाहिनी नेण्यावरून २०२० मध्ये आंदोलन पेटले.

मग गोवा ऊर्जासुरक्षित आहे की नाही? निर्देशांकाला खोटे पाडण्याचे कारण नाही. घरोघरी जोडणी, पुरवठ्याची स्थिती, वितरण यंत्रणेचा कारभार असे जे त्याने मोजायचे ठरवले, ते त्याने मोजले. मोले हे जपण्याजोगे अभयारण्य आहे आणि वाहिनी हा राज्याचा श्वास आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, आणि त्याला त्या २७ निकषांत जागा नव्हती. अशा निर्देशांकांचा हा नेहमीचा प्रकार आहे. आकडा एक असतो, प्रश्न मात्र चार-पाच असतात. सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढतो आहे तसे हे प्रश्न एकमेकांपासून आणखी लांब जात आहेत.

मुळात ऊर्जासुरक्षा मोजण्याची रीत तेलावरून पडली. १९७३ च्या तेलसंकटानंतर वर्षभरात आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली आणि सदस्य देशांनी निव्वळ आयातीच्या ९० दिवसांइतका साठा बाळगावा, असा दंडक आला. आयात किती आणि साठा किती दिवसांचा, हे दोन आकडे म्हणजे सुरक्षा. भारत अजूनही कच्च्या तेलाबाबत याच भाषेत बोलतो. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथल्या भूमिगत कोठारांची क्षमता मिळून ५३ लाख ३० हजार टन आहे. देशाची जेमतेम साडेनऊ दिवसांची गरज त्यात भागते. तेलासाठी ही मोजपट्टी आजही चोख आहे. जहाज आले नाही तर पंप कोरडा पडतो, यात गुंतागुंत काहीच नाही.

विजेला ती लावली की गडबड सुरू होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातल्या १३५ कोळसाकेंद्रांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी तीन दिवसांचाही कोळसा उरला नव्हता. हा कोळसा बहुतांश देशातलाच. आयात-अवलंबनाच्या निर्देशांकाने पाहिले तर आपण खंबीर होतो. खाणींत पाणी शिरले होते, मागणी अचानक उसळली होती, केंद्रांनी आधीच्या महिन्यांत साठा केला नव्हता आणि आयात कोळशाच्या किमती चढल्यामुळे किनाऱ्यावरची केंद्रे हात आखडून होती. अडचण कोळशाची नव्हती, तो वेळेवर पोचण्याची होती.

बाल्टिक देशांनी याचे दुसरे टोक दाखवले. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांनी २०२२ च्या मे महिन्यात रशियाची वीज विकत घेणे थांबवले. आयात शून्य. तरीही त्यांच्या ग्रीडची वारंवारिता, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांचा तो ठेका, मॉस्कोतून सांभाळली जात होती. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी हे देश युरोपीय ग्रीडशी जोडले गेले, तेव्हा ती दोरी तुटली. मधल्या पावणेतीन वर्षांत कोणत्याही आयात-आकड्यात हा धोका दिसला नसता.

नवीकरणीय ऊर्जेने आयातीचा अर्थच बदलून टाकला आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये दाखवून दिले की सौर पॅनेलच्या निर्मितीतल्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. हे ऐकून ‘तेलाच्या जागी पॅनेल, आखाताच्या जागी चीन’ असे समीकरण मांडणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. तेल थांबले तर गाडी आठवड्याभरात उभी राहते. पॅनेलची आयात थांबली तर आज छपरावर असलेले पॅनेल पुढची २५ वर्षे वीज देतच राहते, फक्त नव्याची भर थांबते. चिंता खरी आहे, पण ती वेगाची आहे. तिला दिवसांच्या साठ्यात मोजणे म्हणजे विहिरीची खोली तासांत सांगण्यासारखे. उलट इन्व्हर्टर, बॅटरी आणि दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांबाबत मी इतका निर्धास्त नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्यांचा चाप लावला, तेव्हा आपल्या वाहन उद्योगाची धावपळ सर्वांनी पाहिली.

अभ्यासकांनी मग एका मोजपट्टीऐवजी अनेक आणल्या. आशिया-पॅसिफिक ऊर्जा संशोधन केंद्राने २००७ मध्ये उपलब्धता, आवाक्यातली पोच, परवडणारी किंमत आणि समाजाला मान्य होणे असे चार खांब उभे केले. नंतरचे बहुतेक निर्देशांक याच चार खांबांवर छप्पर घालत आले. जागतिक ऊर्जा परिषदेचा त्रिकोणी निर्देशांकही त्याच कुळातला: सुरक्षा, समता, पर्यावरण. आलेह चेर्प आणि जेसिका ज्युएल यांनी २०१४ मध्ये या चौकटीवर नेमके बोट ठेवले. सुरक्षा कुणाची, कशापासून आणि कोणत्या मूल्यासाठी, हे आधी ठरवल्याशिवाय खांब मोजून उपयोग काय, असा त्यांचा रोख होता. मला त्यांचे म्हणणे महाराष्ट्रात बसून जास्तच पटते. ‘राज्याची ऊर्जासुरक्षा’ म्हणताना आपण चंद्रपूर आणि दादर एकाच गोणीत भरतो. चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचे केंद्र आहे आणि २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत ते शहर टाकले होते. वीज एका जिल्ह्यातून निघते, राख तिथेच राहते, दिवा दुसरीकडे लागतो. सरासरी काढली की हे सगळे सपाट होते.

दुसरी लोकप्रिय मोजपट्टी विविधतेची. एकाच इंधनावर भिस्त ठेवू नये, हे शहाणपण जुने आहे. त्याला आकड्यात पकडण्यासाठी दोन सूत्रे वापरतात. एक क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या माहिती-सिद्धान्तावरून आलेले. दुसरे मक्तेदारी मोजणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांचे हर्फिंडाल-हर्शमन सूत्र, ज्यात प्रत्येक स्रोताच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज घेतात. बेरीज जितकी एकाच्या जवळ, तितकी मक्तेदारी जास्त.

एक काल्पनिक राज्य घेऊ. वर्षाच्या विजेत कोळसा ५० टक्के, सौर ३०, जलविद्युत १० आणि पवन १०. सूत्राचे उत्तर येते ०.३६. ठीकठाक विविधता. आता त्याच राज्याची संध्याकाळी साडेसातची वेळ घ्या आणि बाकीचे स्रोत तेवढीच वीज देत आहेत असे धरा. सौर शून्य. उरलेल्या विजेत कोळशाचा वाटा ७१ टक्क्यांवर जातो आणि उत्तर ०.५५ होते. राज्य तेच, वर्ष तेच, पण अहवालात छापलेली विविधता संध्याकाळी घरी गेलेली असते.

ससेक्स विद्यापीठाचे अँडी स्टर्लिंग यांनी याची आधीच सूचना दिली होती. प्रकार किती आणि वाटे किती समतोल, एवढ्यावर विविधता संपत नाही. ते प्रकार एकमेकांपासून किती वेगळे आहेत, हेही मोजावे लागते. राजस्थान, गुजरात आणि मराठवाड्यातले सौर प्रकल्प कागदावर तीन स्रोत आहेत. सूर्य मात्र तिघांवरून अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने मावळतो. त्या मानाने साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्या खऱ्या अर्थाने वेगळ्या आहेत. त्यांची वर्षाची बरीचशी वीज जून ते सप्टेंबर या काळात येते, नेमके ढगांनी सौर पॅनेल झाकलेले असते तेव्हा. पण एप्रिल-मेच्या रात्री पठारावरचा वारा पडतो आणि विजेची टंचाई तर तेव्हाच असते. आपल्याकडे ऋतूचा हिशेब तासाच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा आहे, हे युरोपातून आलेल्या सूत्रांच्या लक्षात आणून द्यावे लागते.

वीज अभियंत्यांची स्वतःची मोजपट्टी या सगळ्यांहून जुनी आणि रोखठोक आहे. मागणी पुरी न होण्याची शक्यता किती आणि पुरी न झालेली वीज किती युनिट? राष्ट्रीय वीज योजनेत केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने यासाठी ०.२ टक्के आणि ०.०५ टक्के अशा मर्यादा धरल्या आहेत. जून २०२३ मध्ये साधनपर्याप्ततेची मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि वितरण कंपन्यांनी फक्त वर्षाच्या कमाल मागणीचा नव्हे, तर तासातासाचा ताळा मांडावा अशी अपेक्षा आली. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत या विषयात आपल्याकडे झालेला सर्वांत मोलाचा बदल हाच. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांनी ५० टक्क्यांची रेषा ओलांडली आणि त्याचे ढोल वाजले. प्रत्यक्ष निर्मितीत त्यांचा वाटा तेव्हा साधारण पाव होता. या दोन आकड्यांमधली दरी तासाचा हिशेब केल्याशिवाय दिसत नाही.

बाजाराने ही दरी केव्हाच पाहिली आहे. २०२५ च्या मे महिन्यात काही दुपारी वीज एक्स्चेंजवरचा भाव शून्याजवळ घसरला, आणि तप्त दिवसांत सूर्य मावळल्यावर तो युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला भिडतो हेही खरेदी करणाऱ्यांना पाठ आहे. एकाच दिवसाच्या दुपार आणि रात्रीच्या भावातले हे अंतर कोणत्याही समितीच्या निर्देशांकाहून प्रामाणिक आहे, असे मला वाटते. अडचण एवढीच की भाव न परवडल्याने न घेतलेली वीज त्यात दिसत नाही. तिला भारनियमन म्हणतात आणि तिची नोंद वेगळ्या वहीत होते.

क्षमता आहे, वीजही आहे आणि तरी अंधार, असेही घडते. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी, भर उन्हात, अख्खे ग्रीड कोसळले. विजेचा तुटवडा मुळीच नव्हता. दाब मर्यादेबाहेर चढत गेला, तो आवरणारी यंत्रणा अपुरी पडली आणि केंद्रे एकामागून एक सुटत गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये उलट घडले. थंडीने गॅसच्या विहिरी, नळ आणि केंद्रे एकाच वेळी गोठली. वेगवेगळे म्हणून मोजलेले स्रोत एकाच कारणाने बसले आणि राज्याच्या अधिकृत मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली. कुणी पवनचक्क्यांना दोष दिला, कुणी गॅसला. दोन्ही बाजूंनी आपल्या सोयीची मोजपट्टी उचलली होती.

आपल्या मुंबईचा १२ ऑक्टोबर २०२० चा दिवस याच रांगेतला. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्ही वाहिन्यांवरून गाडे घसरले आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरचे ग्रीड डळमळले तर शहराने स्वतःला तोडून घ्यावे आणि ट्रॉम्बे, डहाणूच्या विजेवर तग धरावा, अशी बेटासारखी वेगळी होण्याची व्यवस्था मुंबईकडे १९८० च्या दशकापासून आहे आणि ती अनेकदा चालली आहे. त्या दिवशी चालली नाही. आता शहरातले कोळशाचे संच जुने होत आहेत आणि हवेच्या कारणाने ते बंद करण्याचा दबाव आहे. ते गेले तर मुंबईची वीज हरित होईल आणि तितकीच ती बाहेरून येणाऱ्या तारांवर टांगली जाईल. खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली ती यामुळेच मोलाची. ‘एक वाहिनी पडली तरी बाकीचे चालले पाहिजे’ हा अभियंत्यांचा साधा नियम इथे कुठल्याही हरित टक्केवारीपेक्षा जास्त सांगून जातो.

मोठ्या ग्रीडचा भाग असणे हे बळ की दुबळेपण? जुलै २०१२ मध्ये बीना-ग्वाल्हेर वाहिनीवरून सुरू झालेल्या पडझडीत ३१ तारखेला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रीड बसले आणि साठ कोटींहून अधिक लोकांचा प्रदेश अंधारात गेला. पश्चिम ग्रीड वेगळे होऊन तगले. त्यानंतर दीडच वर्षाने, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणही जोडली गेली आणि देशाचे एकच ग्रीड झाले. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता पंतप्रधानांच्या आवाहनावरून लोकांनी दिवे मालवले, तेव्हा मागणी काही मिनिटांत ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि पुन्हा चढली. देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी तो झोका पेलला. एकट्या राज्याच्या ग्रीडला असा झोका झेपला नसता. नवीकरणीय युगात सुरक्षा म्हणजे साठ्यापेक्षा हा झोका पेलण्याची ताकद, आणि ती किती मिनिटांत किती मेगावॅट अशी मोजावी लागते. राज्यांच्या क्रमवारीत हा रकाना मला अजून दिसलेला नाही.

आता मोजपट्टीच्या दुसऱ्या टोकाला, गावच्या डीपीपाशी, म्हणजे रोहित्रापाशी येऊ. पुरवठ्याची विश्वासार्हता जगभर ‘सायडी’ने मोजतात: एका ग्राहकाला वर्षात सरासरी किती वेळ वीज नव्हती. समजा रब्बीत, गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत, शिवारातले रोहित्र जळले. त्यावर २५ पंप. नियमाप्रमाणे ग्रामीण भागात ते ४८ तासांत बदलायला हवे, पण समजा आठ दिवस गेले. २५ ग्राहक गुणिले १९२ तास, म्हणजे ४,८०० ग्राहक-तास. विभागात एक लाख ग्राहक असतील तर भागाकार येतो ०.०४८ तास, जेमतेम तीन मिनिटे. सायडीत तीन मिनिटे, शिवारात अख्खी पाणीपाळी. त्यावर कडी म्हणजे अनेक नियामक आयोगांच्या मूळ सूत्रांत मुख्यतः शेतीचा भार असलेले फीडर हिशेबातून वगळायची सोय होती, आणि खंडितता फीडरच्या पातळीवर मोजली तर डीपीखालचा बिघाड वहीत येतच नाही. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने यावर साधा उपाय केला. घरातल्या सॉकेटमध्ये लावायचे एक छोटे यंत्र दर मिनिटाला दाब नोंदवते आणि मोबाइल नेटवर्कवरून पाठवते. वीज होती की नाही एवढेच नाही, १६० व्होल्टवर ट्यूब लुकलुकत होती हेही त्यात येते. पंपवाल्याला विचारा, कमी दाबाची वीज ही गेलेल्या विजेपेक्षा महाग पडते, कारण मोटार जळते.

याच जागी सौर ऊर्जेने सुरक्षेत खरी भर घातली आहे, आणि ती बहुतेक निर्देशांकांच्या नजरेतून निसटते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचे सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर दिवसा चालवायचे आहेत. रात्रीच्या पाळीत बिबट्या-सापांच्या भीतीने बॅटरी हातात घेऊन बारे देणाऱ्या माणसाच्या दृष्टीने थ्री फेज दिवसा मिळणे हीच ऊर्जासुरक्षा. मिळणाऱ्या तासांची संख्या तीच राहील, कदाचित कमीही होईल. बदलेल ती वेळ. तास मोजणाऱ्या पट्टीला हा फरक शून्य दिसतो.

पाण्याचे काय, हा प्रश्न महाराष्ट्राने स्वतःच्या अनुभवावरून जोडायला हवा. परळीचे औष्णिक केंद्र २०१५-१६ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद पडले. कोळसा होता, यंत्रे होती, पाणी नव्हते. सौर आणि पवन या बाबतीत सरळ सरस आहेत, आणि त्यांना हे गुण कुठल्याच प्रचलित निर्देशांकात पुरेसे मिळत नाहीत. किमतीबाबत फार बोलायला नको, दाभोळच्या वीजप्रकल्पाचे उदाहरण पुरेसे आहे. मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने तिथली वीज घेणे थांबवले ते ती मिळत नव्हती म्हणून नव्हे, झेपत नव्हती म्हणून. पुढे तो प्रकल्प सरकारी कंपनीकडे गेला, तर देशी गॅसच आटला.

राहता राहिली साठवण. संध्याकाळी साडेसातच्या हिशेबाचे उत्तर तिच्यात आहे असे सगळे म्हणतात, आणि मेगावॅटमध्ये घोषणा करतात. मेगावॅट म्हणजे किती जोरात, किती वेळ ते नाही. देशातल्या अलीकडच्या बऱ्याच बॅटरी निविदा दोन तासांच्या आहेत, आणि उन्हाळ्यातली मागणी सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत हटत नाही. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प जास्त वेळ टिकतो, मात्र पाणी वर चढवायला साधारण चार युनिटे घालावीत तेव्हा तीन परत मिळतात. टाटा कंपनीने राज्याशी ऑगस्ट २०२३ मध्ये शिरवटा आणि भिवपुरी इथल्या २,८०० मेगावॅट उदंचनाचा करार केला, पण सह्याद्रीत तो उभा राहायला वर्षे लागतील. तोवर राज्याच्या हाताशी सर्वांत मोठा चटकन चालू होणारा स्रोत म्हणजे कोयना, १,९६० मेगावॅट. तिच्या वीजगृहांसाठी पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलेले आहे आणि हे वर्ष १ जूनला सुरू होते. म्हणजे मागणी सर्वाधिक असते त्या एप्रिल-मेमध्ये कोटा तळाला गेलेला असतो. राज्याच्या कमाल मागणीच्या प्रत्येक अंदाजाशेजारी त्या दिवशी कोयनेच्या वीजकोट्यात किती टीएमसी उरले, हा रकाना छापायला पैसाही लागणार नाही. आकडा जलसंपदा खात्याकडे रोज असतो.